रेषीय असमानता शिकवताना

आठवीच्या वर्गात एका चलातील समीकरणे शिकवून झाली, की त्यांच्या पाठोपाठ रेषीय असमानतांसाठी, म्हणजे तशाच पण ‘बरोबर’च्या चिन्हाऐवजी ‘लहान’ किंवा ‘मोठे’ हे चिन्ह असलेल्या विधानांसाठी, मी काही तास राखून ठेवते. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात या विषयाचे स्वतंत्र प्रकरण नाही. नववीत वास्तव संख्यांच्या क्रमसंबंधाचे गुणधर्म येतात, भूमितीत त्रिकोणाच्या बाजू आणि कोन यांच्या असमानता येतात. पण असमानता सोडवायची कशी, हे रीतसर शिकायला मुलांना पुढच्या इयत्तांची वाट पाहावी लागते. एनसीईआरटीच्या पुस्तकांत हे प्रकरण अकरावीत आहे, तर आयसीएसईच्या अभ्यासक्रमात ते दहावीत आहे. समीकरण सोडवण्याची रीत हातात ताजी असतानाच असमानतेची ओळख व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण समीकरणात जी कृती मुले यांत्रिकपणे करू लागलेली असतात, तिच्यामागचे कारण त्यांना असमानतेपाशी आल्यावर पुन्हा तपासावे लागते.

हा घटक सामान्यतः एका वाक्यात उरकला जातो: ‘समीकरणासारखेच सोडवा, फक्त ऋण संख्येने गुणले किंवा भागले तर चिन्ह उलटे करा.’ हे वाक्य खरे आहे, तरी ते पहिल्या तासाला सांगू नये, या मताची मी आहे. ते आधी सांगितले की मुले चिन्हाकडे पाहू लागतात आणि संख्यांकडे पाहायचे विसरतात. असमानतेची उकल म्हणजे संख्यारेषेवरचा एक संपूर्ण भाग आहे, ही गोष्ट आधी त्यांच्या डोळ्यांना दिसली पाहिजे. नियम त्यानंतर त्यांनी स्वतःच शोधून काढावा, आणि तो त्यांना खरोखर सापडतो.

समीकरणांच्या सरावातून आलेल्या मुलाची पहिली अडचण बेरीज-वजाबाकीची नसते. ‘२क्ष + ३ = ११’ याचे उत्तर ४, तिथे विषय संपतो. ‘२क्ष + ३ < ११’ याचे उत्तर मात्र ‘क्ष < ४’ असे येते, आणि हमखास कोणीतरी विचारते, “पण बाई, मग क्ष नक्की किती?” या मुलाला ‘क्ष < ४’ हे अर्धवट सोडलेले गणित वाटते, आणि त्याची शंका अगदी रास्त आहे. आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला एकच संख्या उत्तर म्हणून मिळत आली. आता प्रश्न ‘कोणती संख्या?’ असा नसून ‘कोणकोणत्या संख्या?’ असा आहे. प्रश्नातील हा बदल पचायला वेळ लागतो आणि तो वेळ देणे शिक्षकाच्या हातात असते.

अशा वेळी मी मुलांना आर्किमिडीजची हकीकत सांगते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या सुसम बहुभुजाकृती कल्पून असे सिद्ध केले, की परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठे आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान असते. ‘नक्की किती’ हे त्याने सांगितले नाही, तरीही गणिताच्या इतिहासातील हे अत्यंत मोलाचे उत्तर मानले जाते. ३ पूर्णांक १/७ म्हणजे २२/७, हे ऐकल्यावर वर्गात चुळबुळ होते, कारण क्षेत्रफळाच्या उदाहरणांत ‘पाय’ची किंमत म्हणून ज्या संख्येचा मुलांनी इतका वापर केला, ती ‘पाय’हून किंचित मोठी आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळते. मग ‘३.१४ < पाय < २२/७’ हे विधान फळ्यावर लिहिले, की असमानतेचे उत्तर अपुरे नसते ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

यानंतर मी विचारते, “५ पेक्षा लहान असलेली सर्वांत मोठी संख्या कोणती?” जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात ‘४’ म्हणतो. एखादी मुलगी ‘साडेचार’ म्हणते, तेव्हा बाकीच्यांच्या लक्षात येते की पूर्णांक घ्यायचे असे कोणी म्हटलेले नाही. मग ४.९, ४.९९, ४.९९९ अशी चढाओढ सुरू होते. फळ्यावर प्रत्येकाची संख्या लिहून घेतल्यावर मी एवढेच करायला सांगते, की शेवटच्या संख्येत ५ मिळवा आणि बेरजेची निम्मी करा. ४.९९९ आणि ५ यांची सरासरी ४.९९९५ येते, ती ४.९९९ पेक्षा मोठी आहे आणि तरीही ५ पेक्षा लहान आहे. कोणीही कोणतीही संख्या सांगितली तरी हीच कृती तिच्या पुढची संख्या काढून देते, म्हणजे अशी ‘सर्वांत मोठी’ संख्या अस्तित्वातच नाही. आठवीच्या मुलांना हा युक्तिवाद पूर्णपणे समजतो. तो समजल्यावर संख्यारेषेवर ५ पाशी पोकळ वर्तुळ का काढायचे, याचा उलगडा होतो: ५ पर्यंत कितीही जवळ जाता येते, पण ५ स्वतः उकलीत नाही. ‘क्ष ≤ ५’ असेल तर ५ उकलीत आहे, म्हणून वर्तुळ भरीव. केवळ आकृतीचा संकेत म्हणून हे सांगितले तर चाचणीच्या वेळी पोकळ आणि भरीव यांची अदलाबदल होते. कारण कळले असेल तर ती क्वचितच होते.

चल कोणत्या संख्यांसाठी आहे, हाही प्रश्न येथेच सोडवून टाकावा. ‘क्ष < ४’ याची उकल नैसर्गिक संख्यांत १, २, ३ एवढीच आहे. पूर्णांकांत ती डावीकडे न संपणारी ठिपक्यांची रांग आहे. आणि परिमेय किंवा वास्तव संख्या घेतल्या की ठिपके नाहीसे होऊन सलग जाड रेघ उरते. तिन्ही आकृत्या एकाखाली एक काढून घेतल्या तर हा फरक मुलांच्या मनात राहतो.

चिन्हांच्या वाचनाबाबत मला थोडे परखडपणे लिहावेसे वाटते. ‘मगर नेहमी मोठ्या संख्येकडे तोंड उघडते’ ही युक्ती प्राथमिक वर्गांत सर्रास सांगितली जाते, आणि तेथे तिने काम भागतेही. माध्यमिक वर्गात मात्र ती अडथळा ठरते. −७ आणि −३ यांमध्ये ‘मोठी’ कोणती, हे मगरीला ठाऊक नसते. मुलाला ७ मोठा दिसतो आणि तो ‘−७ > −३’ असे लिहून मोकळा होतो. त्याऐवजी एकच निकष धरावा: संख्यारेषेवर जी संख्या उजवीकडे ती मोठी. धन असो, ऋण असो, अपूर्णांक असो, हा निकष कुठेही बदलत नाही. तसेच ‘३ > क्ष’ आणि ‘क्ष < ३’ ही एकच विधाने आहेत, हे दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचून घेतले पाहिजे, कारण चल उजवीकडे आले की मुले गडबडतात. या चिन्हांची मुलांना भीती वाटत असेल तर त्यांना हेही सांगावे, की गणितज्ञांचेही हजारो वर्षे त्यांच्यावाचून चालले होते. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापले. ‘लहान’ आणि ‘मोठे’ यांची आजची चिन्हे थॉमस हॅरियटच्या ग्रंथात १६३१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी प्रसिद्ध झाली. आणि ‘लहान किंवा बरोबर’ यासाठीचे चिन्ह पिएर बुगेरने १७३४ मध्ये वापरले. आर्किमिडीजने आपली असमानता शब्दांतच लिहिली होती.

आता मुख्य गाभ्याकडे येते. संख्यारेषेवर २ आणि ५ या दोन संख्या घ्याव्यात. २ < ५. दोन्हींत ३ मिळवले की ५ < ८. दोन्हींतून ६ वजा केले की −४ < −१. दोन्ही संख्या सारख्याच अंतराने सरकल्या, त्यांचा क्रम तोच राहिला. दोन्हींना ३ ने गुणले तर ६ < १५. अंतर वाढले, क्रम कायम. आता दोन्हींना −१ ने गुणावे. २ चे −२ झाले, ५ चे −५ झाले. शून्यापासून जी अधिक दूर उजवीकडे होती ती आता अधिक दूर डावीकडे गेली, म्हणून −२ > −५. एका मुलाला २ वर, दुसऱ्याला ५ वर आणि तिसऱ्याला शून्यावर उभे करून ही कृती वर्गाच्या फरशीवर आखलेल्या संख्यारेषेवर करून घेतली, तर क्रम उलटताना प्रत्यक्ष दिसतो.

एवढे झाल्यावरही मी नियम सांगत नाही. ‘−२क्ष < ६’ हे उदाहरण देते आणि ते सोडवण्याआधी क्ष च्या जागी −५ पासून १ पर्यंतचे पूर्णांक ठेवून तक्ता करायला सांगते. −२क्ष च्या किमती अनुक्रमे १०, ८, ६, ४, २, ०, −२ अशा येतात. यांतील ६ पेक्षा लहान कोणत्या, यावर मुले खुणा करतात: ४, २, ०, −२. त्या कोणत्या क्ष साठी आल्या? −२, −१, ०, १ यांसाठी. म्हणजे उकल −३ च्या उजवीकडे आहे. त्यानंतर हेच उदाहरण समीकरणाच्या पद्धतीने सोडवायला सांगितले, की बहुतेक जण दोन्ही बाजूंना −२ ने भागून ‘क्ष < −३’ असे लिहितात, आणि तक्ता व उत्तर यांचा मेळ बसत नाही हे लगेच त्यांच्या नजरेस येते. वर्गातील सर्वांत मोलाची चर्चा या क्षणी होते, म्हणून शिक्षकाने येथे घाई करून उत्तर देऊ नये.

चर्चा पुढे सरकेनाशी झाली तर मी आणखी एक वाट सुचवते. ऋण संख्येने भागायचेच नाही असे ठरवू. ‘−२क्ष < ६’ याच्या दोन्ही बाजूंत २क्ष मिळवू: ० < ६ + २क्ष. दोन्ही बाजूंतून ६ वजा करू: −६ < २क्ष. आता धन २ ने भागू: −३ < क्ष. प्रत्येक पायरी मुलांना आधीपासून मान्य असलेली आहे, चिन्हाला कोठेही हात लावलेला नाही, आणि उत्तर तक्त्याशी तंतोतंत जुळते. ‘क्ष > −३’ हे उत्तर सुरुवातीच्या ‘−२क्ष < ६’ च्या शेजारी लिहून पाहिले, की ऋण सहगुणक घालवताना चिन्ह उलटले हे मुलेच बोलून दाखवतात. मग नियम त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावा. ज्यांना पुढेही नियमाचा भरवसा वाटत नाही, त्यांनी ऋण पद दुसऱ्या बाजूला नेऊन धन करण्याची ही रीत बेलाशक वापरावी. तिला कोणत्याही अर्थाने कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही.

नियम घाईने पाठ करून घेतल्याचा एक ठराविक परिणाम तपासणीच्या वह्यांत दिसतो. ‘२क्ष < −६’ या उदाहरणात भागायचे आहे ते धन २ ने, पण उजवीकडे ऋण चिन्ह दिसताच मूल असमानतेचे चिन्ह उलटवते आणि ‘क्ष > −३’ लिहिते. काही मुले तर ‘क्ष − ५ < २’ यातही चिन्ह उलटवतात. त्यांना नियम ‘ऋण दिसले की उलट’ असा ऐकू आलेला असतो. अशा वेळी नियम पुन्हा बजावून सांगण्यात काही हशील नाही. ताळा करायला लावावा. क्ष = ० घेतले तर २ × ० = ०, आणि ० हा −६ पेक्षा लहान नाही; पण ‘क्ष > −३’ या उत्तरात तर ० बसतो. दहा सेकंदांत चूक मुलाच्या स्वतःच्या हाताने पकडली जाते.

ताळ्याचीही पद्धत येथे बदलते, आणि ती वेगळी शिकवावी लागते. समीकरणात आलेली एक किंमत घालून पाहिली की काम झाले. असमानतेत तीन संख्या तपासाव्या लागतात: सीमेवरची एक, उकलीच्या आतली एक आणि बाहेरची एक. सीमेवरच्या संख्येने दोन्ही बाजू बरोबर यायला हव्यात, आतल्या संख्येने विधान खरे ठरायला हवे आणि बाहेरच्या संख्येने खोटे. रेषीय असमानतेत सीमा एकच असल्यामुळे या तीन तपासण्या पुरतात. उकल संच मोठा असला की तपासणी अशक्य होते, असा मुलांचा समज असतो. तो या पद्धतीने पार दूर होतो.

शाब्दिक उदाहरणांत खरी परीक्षा भाषेची असते. ‘कमीत कमी’, ‘निदान’, ‘किमान’ यांसाठी ≥ आणि ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा अधिक नाही’ यांसाठी ≤, हे मुलांच्या कानांना उलटे वाटते, कारण ‘कमी’ हा शब्द ऐकताच हात < कडे वळतो. येथे पाठांतराची यादी देण्याऐवजी एखादी संख्या घेऊन विचारावे. मतदानासाठी वय कमीत कमी १८ हवे. मग १७ चालेल का, १८ चालेल का, ४० चालेल का? तीन उत्तरे मिळाली की चिन्ह आपोआप ठरते. (हे वय १९८९ पर्यंत २१ होते, ही माहिती मुले घरी आजी-आजोबांकडून पडताळून आणतात.) दोन सीमा असलेली असमानता रेल्वेच्या तिकिटात सापडते: मुलांसाठीचे भाडे ५ वर्षे पूर्ण झालेल्या, पण १२ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांना लागते, म्हणून ५ ≤ क्ष < १२. एका टोकाला भरीव आणि दुसऱ्या टोकाला पोकळ वर्तुळ काढण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला अद्याप मिळालेले नाही.

मुलांना सर्वांत जवळचे वाटते ते उपस्थितीचे गणित. समजा, वर्षात शाळेचे २०० दिवस आहेत आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे. एक विद्यार्थिनी झालेल्या १२० दिवसांपैकी ८४ दिवस हजर होती. उरलेल्या ८० दिवसांपैकी तिने किती दिवस यायला हवे? ८४ + क्ष ≥ १५०, म्हणून क्ष ≥ ६६. येथे थांबले तर उत्तर अपुरे राहते, कारण उरलेले दिवसच ८० आहेत. म्हणून ६६ ≤ क्ष ≤ ८०, आणि क्ष पूर्णांक. हेच उत्तर ‘जास्तीत जास्त १४ दिवस गैरहजर राहता येईल’ असेही सांगता येते, आणि एकाच अटीचे हे दोन पैलू मुलांकडून आवर्जून बोलवून घ्यावेत. मग ८४ च्या जागी ६५ ठेवावे. आता क्ष ≥ ८५ येते, पण क्ष ≤ ८० आहे. अशी संख्याच नाही; उकल संच रिक्त आहे. गणित चुकले असे वाटून मुले पुन्हा पुन्हा आकडेमोड करतात. ते चुकलेले नाही, त्या विद्यार्थिनीला आता कोणत्याही उपायाने अट पूर्ण करता येणार नाही, हे कळल्यावर वर्ग क्षणभर गंभीर होतो.

भूमितीचा तास याच आठवड्यात आला तर त्रिकोणाचा उपयोग करून घ्यावा. दोन बाजू ४ सेमी आणि ७ सेमी असतील तर तिसरी बाजू क्ष किती असू शकेल? क्ष < ११ आणि क्ष > ३ या दोन अटी मिळतात. कंपासने ३ सेमीची बाजू घेऊन पाहिली की कंस एकमेकांना रेषेवरच स्पर्श करतात आणि त्रिकोण सपाट होऊन जातो. सीमा उकलीत का नाही, हे कागदावर दिसते.

शेवटचा तास मी दोन चलांसाठी ठेवते. आलेखावर बिंदू स्थापन करणे एवढेच पूर्वज्ञान त्याला लागते. एक वही ३० रुपयांना आणि एक पेन १० रुपयांना मिळते, जवळ १२० रुपये आहेत. वह्या क्ष आणि पेने य घेतली तर ३०क्ष + १०य ≤ १२०, म्हणजेच ३क्ष + य ≤ १२. प्रत्येक विद्यार्थ्याने परवडेल अशी एक जोडी कच्च्या वहीत लिहायची आणि फळ्यावरच्या मोठ्या आलेखावर खडूने तो बिंदू काढायचा. तिसरा-चौथा विद्यार्थी येईपर्यंत काहीच जाणवत नाही. पंधरा-वीस बिंदू झाले की सगळे ठिपके एका तिरप्या रेषेच्या एकाच बाजूला जमत आहेत असे कुजबुजणे सुरू होते. रेषेवरचे बिंदू वेगळ्या रंगाच्या खडूने काढून घेतले तर ते (०, १२), (१, ९), (२, ६), (३, ३) आणि (४, ०) असे नेमके पाच निघतात, म्हणजे सगळे पैसे खर्च होतील अशा जोड्या पाचच. एकूण जोड्या किती, हे मोजायला मुलांना आवडते: वह्या ०, १, २, ३, ४ घेतल्या तर पेनांचे पर्याय अनुक्रमे १३, १०, ७, ४ आणि १, एकूण ३५, यात काहीच न घेण्याची (०, ०) ही जोडीही धरलेली आहे. ती धरावी की नाही यावर वाद होतो, तेव्हा (०, ०) ही जोडी ‘३क्ष + य ≤ १२’ मध्ये घालून बघा एवढेच मी म्हणते. ० ≤ १२ हे खरे आहे, म्हणून बिंदू आत आहे. आणि रेषेची कोणती बाजू रंगवायची हे ठरवण्यासाठी नववी-दहावीनंतर हीच तपासणी त्यांना रोज करावी लागणार आहे. उरलेल्या वेळात, वह्या कमीत कमी २ हव्यात ही अट जोडून किती बिंदू शिल्लक राहतात ते मी शोधायला लावते. उत्तर १२ येते, आणि ते काढताना कोणीही चिन्ह उलटवायचे की नाही असे विचारत नाही.